मेला दगडाखाली

आमच्या घरात मासे दोन प्रकारचे. एक तव्यावरचे, त्यांच्याबद्दल कोणाचं दुमत नाही. दुसरे हॉलमधल्या टँकमधले, आणि त्यांच्यावरून माझं आणि नवऱ्याचं भांडण मुलगी शाळेत होती तेव्हापासून चालू आहे. ती आता नोकरीला लागली.

टँक खाऱ्या पाण्याचा आहे. गोड्या पाण्याचा असता तर मी एवढी बोलले नसते. गोड्या पाण्यातले मासे बिचारे मिळेल त्यात भागवतात. खाऱ्या पाण्यातल्यांचे जावयासारखे लाड करावे लागतात. पाणी अमुक इतकंच खारट, अमुक इतकंच कोमट, लाईट ठरल्या वेळी लागणार आणि ठरल्या वेळी बंद होणार. वीज गेली, आणि आमच्या वसईत वीज जातेच, की इन्व्हर्टर आधी माशांना, मग आम्हाला. मे महिन्यात आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसलेलो असतो आणि हॉलमध्ये पंप निवांत गुरगुरत असतो.

त्यात माझ्या सासरी पिढीजात मिठागर. खाडीकाठच्या आगरात सासूबाईंनी उमेदीची वर्षं मिठाच्या टोपल्या वाहिल्या. आता आगर बंद आहे, पण त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगा अजून आहेत. त्यांच्या लेकाने परदेशी मिठाची बादली विकत आणून हॉलमध्ये ठेवली तेव्हा त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"मीठ इकत आनलंस? आन् ते पान्यात टाकाया?"

"आई, हे समुद्राच्या पाण्यासारखं पाणी करायचं मीठ आहे."

"मंग खाडीचं पानी काय वायट हाय?"

"खाडीच्या पाण्यात आता काय काय असतं ते विचारू नकोस."

 तेव्हापासून पाहुणे आले की सासूबाई आधी टँक नाही, ती बादली दाखवायच्या.

नवऱ्याचं वालीवला छोटं वर्कशॉप आहे. प्लास्टिकच्या डब्यांचे, झाकणांचे साचे बनवतात. केसाइतका फरक चालत नाही अशा कामात दिवस घालवलेला माणूस घरी येऊन मासे बघत बसतो, हे मी समजू शकते. पण बघून भागत नाही. फोटो काढायचे असतात. रविवार उजाडला की हॉलचे पडदे ओढायचे, ट्यूबलाईट बंद करायची, काच बाहेरून मऊ फडक्याने आणि आतून लोहचुंबकाच्या घासणीने पुसायची, पाणी स्थिर व्हावं म्हणून पंप थोडा वेळ बंद करायचा. काचेत आपलंच प्रतिबिंब पडू नये म्हणून काळा टीशर्ट घालायचा. मग कॅमेरा काचेला अगदी सरळ टेकवून, स्टुलावर बसून वाट बघायची. तेवढ्यात कोणी हॉलमधून गेलं, कोणी फ्रीज उघडला, कोणी शिंकलं तरी सगळं मुसळ केरात. आम्ही दोघी-तिघी बायका स्वयंपाकघरात कोंडल्यासारख्या बसायचो. मी एकदा म्हटलं, "लग्नातसुद्धा माझ्या फोटोंसाठी एवढी तयारी केली नव्हती." तर उत्तर आलं, "तू हलत नव्हतीस."

टँकमध्ये नारिंगी पट्ट्यांची एक जोडी आहे, ती पाहुण्यांच्या मुलांना आवडते. वाळू उकरणारा एक लांबुडका आहे. आणि एक जांभळा. अर्ध्यापर्यंत पिकलेल्या जांभळासारखा, तिथून शेपटीपर्यंत हळदीसारखा, जसं काही कोणी मधोमध धरून दोन वाट्यांत बुडवून काढलं असावं. नवऱ्याचा जीव ह्या जांभळ्यावर. त्याला काहीतरी इंग्रजी राजेशाही नाव आहे, ते माझ्या तोंडात बसत नाही. तो बहुतेक वेळ दगडांच्या कपारीत असतो, म्हणून त्याचा मनासारखा फोटो काही मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणूनच तो लाडका. मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं, हे इथेच सांगायला हवं.

दिवाळी झाली आणि नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. फराळ बाधला म्हणून ओवा दिला, हिंग लावलं. दुखणं पाठीत जाऊ लागलं तेव्हा वसईतल्या हॉस्पिटलात नेलं. पित्ताशयात खडे निघाले. खड्यांचं कोणाला काही वाटलं नाही, आमच्या आळीत निम्म्या लोकांचे काढून झालेत. पण डॉक्टर सोनोग्राफीचा कागद उजेडात धरून म्हणाले, "भिंत जराशी जाड दिसतेय. एकदा स्कॅन करून घेऊ." करून घेऊ, हे शब्द डॉक्टर किती हळू उच्चारतात!

स्कॅन झाला. डॉक्टरांनी मला आणि मुलीला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की खडे आहेत, सूज आहे, बाकी काही नाही. तीनदा विचारलं मी. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, शेवटी जरा वैतागून. आम्ही दोघी हसतच वॉर्डात आलो आणि नवऱ्याला म्हटलं, "काही नाही हो, नुसते खडे!"

ते आमच्या तोंडांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं."

तिथून त्यांचं ब्लडप्रेशर चढायला लागलं. ऑपरेशनची वेळ ठरली, आणि भूल देणारे डॉक्टर येऊन प्रेशर बघून नाही म्हणून गेले. गोळी वाढवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उपाशी ठेवायचं, पट्टा बांधायचा, आकडा बघायचा आणि चहा-बिस्किट द्यायचं. सूज होती, ऑपरेशन लांबवणं बरं नव्हतं, डॉक्टर म्हणाले, "कसली काळजी करताय? त्यांना कोणीतरी शांत करा." माझ्या नवऱ्याला शांत करायचं म्हणजे काय करायचं? ते शांतच होते. एक शब्द बोलत नव्हते. फक्त सकाळी म्हणाले, "जांभळा कसा आहे बघ. फोटो पाठव."

मुलगी त्यांच्यापाशी थांबली आणि मी घरी आले. पेज करायची होती, सासूबाईंचं जेवण होतं, माशांना खाणं घालायचं होतं. खाणं घातलं तेव्हा नारिंगी जोडी आली, लांबुडका आला, जांभळा काही आला नाही. मी इकडून वाकले, तिकडून वाकले. त्याचा तो ठरलेला मोठा दगड आहे, त्याच्याखाली असणार. कुकर लावला होता, हात पिठाचे होते, म्हणून मी फोन ओट्यावर ठेवून त्याला बोलून निरोप लिहायला सांगितलं. मराठी टाईप करण्यापेक्षा ते बरं पडतं.

मी बोलले ते असं: "मेला दगडाखाली लपून बसलाय, बाहेर येतच नाही. दिसला की फोटो काढते. काळजी करू नका."

आणि बोलता बोलता मध्येच कुकरची लांबलचक शिट्टी झाली.

मी शाळेत मराठी शिकवते. लिहिलेलं परत वाचल्याशिवाय पेपर देऊ नका, असं वर्गात घसा फोडून सांगते. स्वतः मात्र पिठाच्या बोटाने बटण दाबलं आणि पोळ्यांना लागले.

संध्याकाळी डबा घेऊन हॉस्पिटलात गेले तर नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला. मुलीने मला डोळ्यांनी खूण केली, प्रेशर आणखी वर गेलंय. मी डबा ठेवते आहे तोवर मागून आवाज आला.

"कधी मेला?"

"कोण?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. माझ्या नावाखाली लिहिलेलं होतं: मेला दगडाखाली काळजी करू नका.

मला असं हसू फुटलं की शेजारच्या खाटेवरच्या काकांनी मान वर केली. ध चा मा इतिहासात वाचला होता, आमच्या घरात तो कुकरने केला. मी सगळं सांगितलं, शिट्टीची नक्कल करून दाखवली. मुलगीही हसली. नवरा हसला नाही.

"अहो, मी सगळ्यांनाच मेला म्हणते. गॅसवाला मेला वेळेवर येत नाही, रिमोट मेला सापडत नाही. इतकी वर्षं ऐकताय ना तुम्ही?"

"बोलताना म्हणतेस. लिहून कधी म्हटलं नव्हतंस."

"लिहिलं कुठे, बोललेच!"

"बरं," ते म्हणाले.

ते बरं ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बरं काय बरं? मी काय खोटं बोलते?"

मग ते उठून बसले. मुलीला म्हणाले, "तू जरा चहा घेऊन ये." ती गेल्यावर माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "आबांच्या वेळी केबिनमधून बाहेर कोण आलं होतं? मीच आलो होतो. असाच हसत आलो होतो, दार उघडायच्या आधी तोंड नीट केलं होतं. म्हटलं, अल्सर आहे, काळजी करू नका. काळजी करू नका, अगदी ह्याच सुरात. गेटवर उभा राहून येईल त्या नातेवाइकाला शिकवून आत सोडत होतो. तुलासुद्धा मीच शिकवलं होतं. तू किती छान हसली होतीस त्यांच्याकडे बघून."

मला एकदम आठवलं. आबा, म्हणजे माझे सासरे, शेवटपर्यंत अल्सरच्या गोळ्या कधी संपणार ते विचारत होते. आणि आम्ही सगळे, सासूबाई, दीर, नणंदा, मी, प्रत्येक जण म्हणत होतो की संपतच आल्यात.

"अहो, पण तुम्हाला खरंच काही नाही. रिपोर्ट वाचा ना तुम्ही स्वतः."

"रिपोर्ट काय, आबांनी पण मागितला होता. मी त्यांना दुसऱ्याच कोणाचा दाखवला." मग पुन्हा आडवे होत म्हणाले, "पेशंटला काय सांगायचं ते घरचेच ठरवतात. डॉक्टरही तेच बोलतात. माशाचं खरं सांगत नाही तुम्ही, माझं काय सांगणार!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. ते फोटो का मागत होते हे मला तेव्हा कळलं. त्यांना माशाची काळजी होती, पण त्याहून जास्त ह्याची होती की आपल्याला खरं सांगितलं जातंय का. आणि मला तर खरंच सांगायचं होतं, गळ्याची शपथ घेऊन सांगायचं होतं, पण आमच्या घरात रुग्णापुढे घेतलेल्या शपथेला किंमत उरली नव्हती. ती आम्ही सगळ्यांनी मिळून घालवली होती. मला रडू आलं आणि रागही आला, त्यांचा, आमचा, त्या कुकरचा.

"उद्या फोटो दाखवते," मी म्हटलं. "जसा असेल तसा."

"जुना नको."

"माझ्या मोबाइलमध्ये तुमच्या एकाही माशाचा जुना फोटो नाही. देवाशपथ." ह्यावर मात्र त्यांचा विश्वास बसला असावा.

घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की जांभळा जिवंत आहे हे मला तरी कुठे माहीत आहे? मी त्याला पाहिलाच नव्हता. दगडाखाली असेल असं धरून चालले होते. सासूबाईंना सगळं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "किती वेला सांगितलं, घरात उठसूट मेला मेला बोलू नको. वास्तू तथास्तु म्हनते." मी एरवी असल्या गोष्टी उडवून लावते. त्या दिवशी नाही उडवली.

सकाळी चहासुद्धा न घेता कामाला लागले. आधी पडदा ओढला आणि फोन काचेसमोर धरून खटाखट काढत सुटले. पहिल्या फोटोत काच, काचेत मी, माझ्या गाऊनवरची गुलाबाची फुलं, आणि त्या गुलाबांमध्ये कुठेतरी दगड. दुसऱ्यात सगळं निळं, आमचा हॉल नाही, एखादा डान्स बार वाटावा. तिसऱ्यात नारिंगी जोडीतली बाई कॅमेऱ्याला नाक लावून. तिला काढायचंच नव्हतं, पण ती हटेना. म्हणतात ना, बोलावलं त्याचा पत्ता नाही आणि आगंतुक पाटावर.

मग नवऱ्याची ती सगळी पूजा आठवून आठवून करायला घेतली. लाईटच्या डब्यावर निळा आणि पांढरा असे दोन खटके असतात, त्यातला निळा बंद केला. ट्यूबलाईट बंद, काच पुसली. पंप बंद केला आणि पाणी स्थिर झालं. कपाटातून त्यांचा काळा टीशर्ट काढून गाऊनवरच चढवला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"त्याचा सदरा कशाला घातलास गो?"

"फुलं दिसतात काचेत, म्हणून."

त्यांनी मान हलवली आणि स्टूल घेऊन माझ्यामागे बसल्या. मी फोन काचेला टेकवून वाट बघायला लागले. ह्या वाट बघण्याला मी किती नावं ठेवली होती. पण खरं सांगते, काही वेळाने पाण्यात असं काही काही दिसायला लागतं की जे जाता-येता कधी दिसत नाही. दगडावर केसाएवढे पंखे उघडत होते, मिटत होते. एक गोगलगाय काच चाटत चालली होती. लांबुडका तोंडात वाळू भरून घेऊन जाऊन दुसरीकडे टाकत होता, आमच्या गल्लीतल्या रस्त्याच्या कामासारखं. फक्त जांभळा नव्हता.

शेवटी मी लादीवर पोटावर पालथी झोपले. ह्या वयात आणि त्या टीशर्टात ते कसं दिसलं असेल ते सोडून द्या. टँकचा स्टँड बुटका आहे, आणि खालून वर बघितल्याशिवाय मोठ्या दगडाची पोकळी दिसतच नाही. आणि तिथे तो होता. पोकळीच्या छताला जवळजवळ चिकटून. जांभळं डोकं, हळदीची शेपटी, सगळं जागच्या जागी. फक्त पोट वर होतं आणि पाठ खाली.

मी फोटो काढला. एक फोटो खणखणीत आला.

आम्ही मासे खाणारी माणसं. बाजारात मासा कसा बघायचा ते आम्हाला शिकवावं लागत नाही, डोळा चकचकीत हवा, कल्ला लाल हवा, पोट दाबून बघायचं. पण जिवंत मासा कसा बघायचा हे कोणाला येतंय? पोट वर झालं की मासा संपला, एवढंच ठाऊक. त्याचे कल्ले हलत होते. म्हणजे जीव होता, पण शेवटचाच, असं मी धरलं.

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. "उलटा झालाय गो. गेलाच म्हन." मग माझा हात धरला. "ह्यो फोटू नको धाडू त्याला. आप्रेशन होऊ दे, मंग सांग. नायतर असाच दुसरा इकत आन, त्याला काय समजतंय!"

"समजेल, आई. त्यांना केसाइतका फरक समजतो."

"मंग दिसला नाय म्हनून सांग."

सांगता आलं असतं. किती सोपं होतं! दिसला नाही, दगडाखाली आहे, काळजी करू नका. माणसाचं प्रेशर चढलेलं, ऑपरेशन अडलेलं, अशा वेळी मरता मासा दाखवणारी बायको शहाणी का ती, असं कोणीही म्हणालं असतं. मीही म्हटलं असतं. मला भीती वाटत होती. पण मी जसा असेल तसा म्हणाले होते. आणि जर आता हा फोटो दाबला, तर नुसते खडे आहेत हे त्यांना पटवायला माझ्याकडे उभ्या जन्मात दुसरं काही उरणार नव्हतं.

ह्या वेळी बोलून लिहिलं नाही. एकेक अक्षर शोधून टाईप केलं. "आत्ताचा फोटो आहे. उलटा झालाय. मला त्याचं लक्षण बरं दिसत नाही. आहे ते पाठवते आहे." परत वाचलं. आणखी एकदा वाचलं. पाठवलं.

बरोबरच्या दोन खुणा निळ्या झाल्या. त्यांनी पाहिलं. नंतर काहीच नाही. सासूबाई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होत्या, मी लादीवरच बसून होते, आणि घरात पंपाची गुरगुरसुद्धा नव्हती.

फोन वाजला. मुलीचा. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून एक आवाज आला आणि मला वाटलं ते रडतायत.

"मम्मी, पप्पा हसतायत," मुलगी म्हणाली. "पोटात दुखतंय म्हणतायत आणि तरी थांबत नाहीयेत. नर्स ओरडून गेली."

मग ते आले फोनवर. "अगं वेडे, तो तसाच पोहतो!"

"काय?"

"दगडाच्या छपराकडे पोट करून पोहतो. छप्पर हीच त्याची जमीन. त्याच्या घरात आहे तो, मजेत आहे. आजारी असता तर असा रंग राहिला असता का? आणि आधी पंप लाव! पाणी हलत नाहीये फोटोत, पंप बंद ठेवलायस तू, लाव आधी, नाहीतर खरंच जातील सगळे!"

मी धडपडत उठून पंप लावला. फोनमधून सूचना चालूच होत्या. फोकस जरा दगडावर गेलाय. हातातल्या बांगड्या दिसतायत काचेत, हिरव्या. बांगड्या काढायला हव्या होत्या. पण अँगल चांगला पकडलास, खाली झोपलीस की काय? मला त्यांच्या तोंडाला लागायचं होतं, चांगले चार शब्द सुनावायचे होते, पण मी नुसती हो हो म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

फोन ठेवल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. स्टुलावर बसूनच राहिल्या आणि टँककडे बघत म्हणाल्या, "तेंनी मना एकदा इचारलंवतं. हातात हात घेऊन इचारलंवतं, खरं सांग म्हनून. मी बोलले, अल्सरच हाय." मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि पेजेचे तांदूळ धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि व्यवस्थित झालं, हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. खडे आम्हाला बाटलीत घालून दाखवले, मुगाच्या डाळीएवढे. काढलेली पित्ताची पिशवी तपासायला पाठवली होती, त्यातही वावगं काही निघालं नाही. पण मला जे आठवतं ते ऑपरेशनच्या आदल्या दुपारचं.

मी पेज घेऊन गेले तेव्हा नवरा उशीला टेकून बसला होता. फोटो फोनवर मोठा करून शेजारच्या काकांना दाखवून झाला होता, काकांचाही उलटा म्हणजे मेला असाच समज होता, त्यांचं शंकानिरसन चाललं होतं. मी पेज वाटीत काढली. त्यांनी दोन घास घेतले आणि चमचा खाली ठेवला.

"रिपोर्टमध्ये काय आहे?"

मी म्हटलं, "खडे आहेत. सूज आहे."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी तोंड नीट करायच्या भानगडीत पडले नाही. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, तशीच समोर बसले. मग त्यांनी वाटी उचलून उरलेली पेज पिऊन टाकली, आडवे झाले, आणि मी वाटी धुऊन येईपर्यंत घोरत होते. नर्सने झोपेतच पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि कागदावर लिहिताना मान डोलावली. आकडा उतरला होता.

मी बाहेर व्हरांड्यात आले, बाकावर बसले आणि ढसाढसा रडले. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. असं मोकळं वाटत होतं की थांबावंसंच वाटत नव्हतं. तेवढ्यात मुलगी औषधं घेऊन जिन्याने वर आली आणि मला पाहून जागच्या जागी उभी राहिली.

"मम्मी, काय झालं? डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही गं. झोपलेत."

"खरं सांग."

"खरंच झोपलेत. प्रेशर उतरलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग औषधांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि स्वतः आत जाऊन बघून आली.